प्रशांत महासागर, आर्क्टिकचा बर्फ आणि काटोलकडची गारपीट

काटोल तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदारांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "यंदा ला निना आहे, आर्क्टिकचा समुद्री बर्फ विक्रमी कमी झाला आहे, अशा बातम्या सतत वाचतो. कोणी म्हणतो त्यामुळे विदर्भात हिवाळी पाऊस आणि गारपीट वाढणार, कोणी म्हणतो हिवाळा कोरडा जाणार. माझी बाग अंबिया बहारासाठी ताणावर आहे, म्हणजे फुले यावीत म्हणून पाणी तोडले आहे, थोडी मृगाची, म्हणजे पावसाळी बहाराची, फळे झाडावर आहेत आणि शेजारच्या वावरात चना उभा आहे. समुद्राच्या आणि बर्फाच्या या बातम्यांवरून मला काही ठरवता येईल का?"

मी नागपुरात तीस वर्षांहून अधिक काळ हवामानाचे नकाशे वाचून अंदाज देण्याचे काम केले आणि निवृत्तीनंतरही सकाळचे नकाशे पाहिल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. त्या अनुभवातून एवढे आधीच सांगतो की आपला प्रश्न दिसायला एक असला तरी त्यात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. संपूर्ण हिवाळ्याचा स्वभाव कसा राहील, अमुक आठवड्यात पाऊस येईल का, आणि आपल्याच बागेवर गार पडेल का, हे ते तीन प्रश्न. महासागर पहिल्या प्रश्नाबद्दल काहीतरी सांगतो, तेही काही प्रदेशांबद्दल ठामपणे आणि विदर्भाबद्दल फार हलक्या आवाजात. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर महासागराच्या स्थितीत नसते, ते वेगळ्या ठिकाणी शोधावे लागते. बातम्यांचा घोळ होतो तो पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या प्रश्नाला लावल्यामुळे.

आधी आपल्या भागाचा हिशेब पाहू. नागपूरचा वर्षाचा पाऊस साधारण ११०० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. जानेवारी आणि फेब्रुवारी मिळून सरासरी दोन-तीन सेंटिमीटर पाऊस होतो. ही सरासरी फसवी आहे, कारण काही वर्षी दोन्ही महिने कोरडे जातात आणि काही वर्षी एकाच दुपारच्या वादळात दोन महिन्यांचा पाऊस पडून जातो. ज्या ऋतूचा सगळा पाऊस दोन किंवा तीन दिवसांवर अवलंबून असतो, त्या ऋतूबद्दल "सरासरीपेक्षा जास्त" किंवा "कमी" असे आधी सांगणे मुळातच अवघड असते. हिमाचल किंवा काश्मीरमध्ये तसे नाही. तिथे हिवाळ्यात महिन्याला चार-सहा पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून पाऊस-बर्फ आणणाऱ्या प्रणाली, येतात, बर्फ आणि पाऊस अनेक हप्त्यांत पडतो, त्यामुळे एखादा हप्ता चुकला तरी हंगामाचा एकूण कल टिकून राहतो. दूरच्या महासागराचा परिणाम अशा ठिकाणी आकड्यांत दिसतो आणि आपल्याकडे गोंगाटात हरवतो.

आता हा परिणाम होतो कसा ते पाहू. विषुववृत्ताजवळच्या प्रशांत महासागराचे पाणी पश्चिमेकडे, म्हणजे इंडोनेशियाच्या बाजूला, नेहमी जास्त गरम असते आणि तिथे सतत उंच ढग उभे राहतात. एल निनो आला की गरम पाणी मध्य आणि पूर्व प्रशांताकडे सरकते आणि ढगांची ती भट्टीही त्याच्यामागे सरकते. ला निनात उलट होते, भट्टी पश्चिमेला घट्ट बसते. मध्य प्रशांतातल्या एका ठरावीक पट्ट्याचे तापमान सरासरीपेक्षा अर्ध्या अंशाने वर किंवा खाली गेले आणि काही महिने तसेच राहिले, की आपण एल निनो किंवा ला निना म्हणतो. अर्धा अंश ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो पट्टा हजारो किलोमीटर लांब आहे. वाफेचे पाणी होताना जी उष्णता बाहेर पडते ती वरच्या हवेत लाटा उठवते आणि त्या लाटा वळणे घेत दूरवर पोहोचतात. हिवाळ्यात जमिनीपासून साधारण बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा जो जेट प्रवाह उत्तर भारतावरून जातो, त्याची जागा आणि जोर या लाटांमुळे थोडा बदलतो.

हा "थोडा" शब्द महत्त्वाचा आहे. पश्चिमी विक्षोभ या जेट प्रवाहाच्या आधाराने भूमध्य समुद्राकडून इराण आणि अफगाणिस्तान ओलांडून येतात. एल निनोच्या हिवाळ्यात जेट जरा दक्षिणेला आणि जरा बळकट राहण्याकडे कल असतो, आणि वायव्य भारतात त्या हिवाळ्यांत पाऊस-बर्फ सरासरीपेक्षा जास्त पडण्याची शक्यता वाढते. ला निनात ती शक्यता घटते. तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबरचा ईशान्य मोसमी पाऊसही एल निनोत बहुधा वाढतो. हिंदी महासागराची स्वतःचीही अशी एक डोलणारी स्थिती आहे, तिला हिंद महासागर द्विध्रुव म्हणतात आणि ती १९९९ साली जपानी व भारतीय शास्त्रज्ञांनी नीट मांडली. पश्चिम हिंदी महासागर गरम आणि सुमात्राजवळचा भाग थंड झाला की तिला धन स्थिती म्हणतात. १९९७ आणि २०१९ मध्ये ती फार तीव्र होती. ती बहुधा डिसेंबरपर्यंत विरते, त्यामुळे तमिळनाडूच्या पावसाला तिची मदत होते, पण आपल्या फेब्रुवारीच्या गारांशी तिचा थेट संबंध लावता येत नाही.

म्हणजे काश्मीर आणि तमिळनाडू या दोन टोकांना महासागराचा हात दिसतो आणि मधल्या विदर्भात तो पुसट होतो. हे माझे मत नुसत्या तर्कावर आधारलेले नाही, आपण सर्वांनी सोसलेल्या वर्षांवर आधारलेले आहे. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ आणि मराठवाड्यात गारपिटीने जो हाहाकार केला, तेव्हा प्रशांत महासागरात एल निनोही नव्हता आणि ला निनाही नव्हता. २०१८ च्या फेब्रुवारीत पुन्हा गारपीट झाली, तेव्हा सौम्य ला निना होता. २०२१ च्या डिसेंबरअखेर आणि २०२२ च्या जानेवारीत विदर्भात अवकाळी पाऊस आणि गारा पडल्या, तेव्हाही ला निना होता. २०२४ च्या फेब्रुवारीत गारा पडल्या, तेव्हा तीव्र एल निनो उतरणीला लागला होता. प्रशांत महासागराच्या तिन्ही अवस्थांत गार पडली आहे. यावरून महासागराचा काहीच संबंध नाही असे सिद्ध होत नाही, मात्र "ला निना आहे म्हणून गार पडणार नाही" हे वाक्य किती ठिसूळ आहे ते कळते.

असे वाक्य मी स्वतः एकदा बोललो होतो. २०१७ च्या डिसेंबरात अमरावती जिल्ह्यातल्या माझ्या एका नातलगाने मला विचारले की, मृगाच्या फळांचा सौदा आताच करू की भाव चढेपर्यंत थांबू. मी म्हणालो की ला निनाच्या हिवाळ्यात विक्षोभ उत्तरेकडेच राहतात, आपल्याकडे फार काही येणार नाही. माझ्या म्हणण्यात शास्त्र होते, पण ते उत्तर भारताच्या हंगामाचे शास्त्र होते आणि ते मी त्याच्या बागेला लावले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गारांनी निम्मी फळे खाली पाडली आणि उरलेल्यांच्या सालींवर असे डाग पडले की व्यापाऱ्याने दर अर्ध्यावर आणला. त्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, पण त्यानंतर कोणत्याही शेतकऱ्याला हंगामी कलावरून विशिष्ट शेताचा निर्णय सांगायचा नाही, हे मी कायमचे ठरवले.

तरीही हंगामी अंदाज निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीवर उगवणक्षमता ७० टक्के लिहिलेली असते. त्यावरून एकरी किती बियाणे लागेल हे आपण बरोबर ठरवतो, पण हातातला अमुक दाणा उगवेल की नाही हे त्या आकड्याला विचारत नाही. हंगामी अंदाजाचे तसेच आहे. धरणाचे पाणी, विम्याचा हप्ता, राज्याची मदतीची तरतूद असे अनेक वर्षांचे आणि मोठ्या क्षेत्राचे निर्णय त्यावर घेता येतात. कॅलिफोर्नियाचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. तिथे एल निनोचा परिणाम आपल्यापेक्षा कितीतरी स्पष्ट मानला जातो. २०१५-१६ च्या प्रबळ एल निनोत दक्षिण कॅलिफोर्नियात भरपूर पाऊस येईल अशी सगळ्यांची अपेक्षा होती, ती फसली. नंतर २०२२-२३ मध्ये ला निना असताना सिएरा नेवाडा पर्वतावर प्रचंड बर्फ पडला. जिथे नाते पक्के आहे तिथेही एखादा हिवाळा असा उलटा जातो.

आता समुद्री बर्फाकडे वळू. हा भाग मी जरा सविस्तर सांगतो, कारण याविषयी सर्वांत जास्त गोंधळ आहे आणि मला स्वतःला हा विषय फार ओढून घेतो.

समुद्राचे खारे पाणी साधारण उणे १.८ अंशाला गोठते. आर्क्टिकच्या हिवाळ्यात वरची हवा उणे २५, उणे ३० अंश असते. म्हणजे बर्फाखालचे पाणी वरच्या हवेच्या तुलनेत चांगलेच उबदार असते आणि दोघांच्या मध्ये एक-दोन मीटर जाडीचा बर्फ गोधडीसारखा पसरलेला असतो. ही गोधडी जिथे फाटते किंवा सरकते तिथून उष्णता आणि वाफ धडधडत वर जाते. उन्हाळ्यात बर्फ सूर्यप्रकाश परत फेकतो आणि उघडे पाणी तो शोषून घेते, हे आपण शाळेत शिकतो. पण हिवाळ्यात तिथे सूर्य जवळजवळ उगवतच नाही, त्यामुळे त्या काळात बर्फाचे खरे काम झाकणाचे असते.

या झाकणाचा जवळच्या प्रदेशांवर होणारा परिणाम अगदी उघड आहे आणि त्याबद्दल वाद नाही. अमेरिकेतल्या बफेलो शहराशेजारी ईरी सरोवर आहे. सरोवर उघडे असताना त्यावरून थंड वारा आला की तो वाफ उचलतो आणि शहरावर काही फूट बर्फ टाकतो, २०२२ च्या नोव्हेंबरात तसे झाले होते. हेच सरोवर गोठले की तो कारखाना जवळजवळ बंद पडतो. सायबेरियाचा कोरडा गारठा जपानच्या समुद्रावरून जाताना ओला होतो आणि जपानच्या पश्चिम किनाऱ्याच्या डोंगरांवर जगातल्या सर्वांत जाड हिमवर्षावांपैकी एक घडवतो. पाणी उघडे आहे की झाकलेले, वारा कोणत्या दिशेने येतो आणि पलीकडे डोंगर आहे की नाही, एवढ्या तीन गोष्टींवर तिथला हिवाळी वर्षाव ठरतो.

दूरच्या प्रदेशांचे काय, हा खरा वादाचा मुद्दा आहे. उपग्रहांची सलग नोंद १९७९ पासून उपलब्ध आहे. आर्क्टिकचा बर्फ सप्टेंबरात सर्वांत कमी असतो. २०१२ च्या सप्टेंबरात तो सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला आणि तो नीचांक आहे. हिवाळ्यातला कळस मार्चमध्ये येतो. २०२५ च्या मार्चमध्ये तो सुमारे १ कोटी ४३ लाख चौरस किलोमीटर होता, त्या वेळेपर्यंतच्या नोंदींतला सर्वांत कमी. आपण वाचलेल्या बातमीचे मूळ बहुधा हेच असावे. हिवाळ्यातली घट सर्वांत ठळक दिसते ती नॉर्वे आणि रशियाच्या उत्तरेला, बॅरेंट्स आणि कारा या समुद्रांत, कारण अटलांटिकचे गरम पाणी तिथपर्यंत पोहोचते.

काही शास्त्रज्ञांचे म्हणणे असे की बॅरेंट्स-कारा भागातला बर्फ कमी झाला की तिथली हवा तापते, रशियातल्या उरल पर्वताच्या आसपास उच्च दाब ठाण मांडून बसतो, पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांना अडथळा होतो आणि सायबेरियाची थंड हवा दक्षिणेला आणि पूर्वेला ढकलली जाते. अडथळा मोठा असेल तर जेट प्रवाह दुभंगतो आणि त्याची दक्षिणेकडची शाखा इराण-अफगाणिस्तानवर खोल द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट खळगा, करते. अशी द्रोणी भारतात खाली उतरली तर आपल्याकडेही हवा अस्थिर होऊ शकते. ही साखळी कागदावर सुसंगत आहे आणि उरलजवळचा अडथळा, त्यानंतर मध्य आशियात उतरलेला गारठा, हा क्रम मी स्वतः नकाशांवर अनेकदा पाहिला आहे.

परंतु या साखळीची पहिली कडी किती मजबूत आहे याबद्दल एकमत नाही. नोंदींमध्ये बर्फ आणि उरलच्या उच्च दाबाचा संबंध ठळक दिसतो. संगणकीय प्रतिरूपांत मात्र फक्त बर्फ कमी करून पाहिला तर परिणाम फारच लहान निघतो. याचे एक सबळ स्पष्टीकरण असे की अनेकदा कारण आणि परिणाम उलटे असतात. उरलवर उच्च दाब आधी येतो, त्याच्या पश्चिम बाजूने दक्षिणेकडची गरम, दमट हवा आर्क्टिकमध्ये शिरते आणि ती बर्फ मागे ढकलते. मग आपण बर्फ कमी आणि सायबेरिया थंड असे दोन्ही एकदम पाहतो आणि बर्फाला कारण ठरवतो. माझा स्वतःचा कल या दुसऱ्या बाजूकडे आहे, तरी बर्फाचा वाटा शून्य आहे असे मला वाटत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ आणि भारतातल्या सप्टेंबरमधल्या अतिवृष्टी यांचा संभाव्य संबंध मांडला आहे. तो पावसाळ्याच्या शेवटाबद्दल आहे. तेच सूत्र फेब्रुवारीच्या गारपिटीला लावणे योग्य नाही, आणि मी पाहिलेल्या काही संदेशांत नेमके तसे केलेले होते.

इथे भारतीय हवामानशास्त्राच्या इतिहासातली एक गोष्ट आठवते. गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. मोसमी पावसाचा अंदाज बांधण्यासाठी त्यांनी जगभरचे दाब, तापमान आणि पाऊस यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले आणि त्या कष्टांतून प्रशांत महासागरावरचा दाबाचा झोका जगाला कळला. तेच वॉकर बजावत असत की शेकडो जोड्या तपासल्या तर काही जोड्या निव्वळ योगायोगानेही जुळतात, म्हणून जितक्या जास्त जोड्या तपासाल तितकी कसोटी कडक लावा. आर्क्टिकच्या बर्फाचा एखादा कोपरा, एखादा महिना आणि भारतातला एखादा उपविभाग निवडून जुळणी दाखवणे आज घरच्या संगणकावर शक्य आहे. अशी जुळणी समोर आली की मी आधी विचारतो, किती जोड्या तपासून ही एक निवडली?

अंटार्क्टिकाच्या बर्फाचाही उल्लेख काही बातम्यांत असतो. आपल्या हिवाळ्यात तिथे उन्हाळा असतो आणि विदर्भाच्या हिवाळी पावसाशी त्याची जोडणी दाखवणारे काही ठोस मला माहीत नाही. तो विषय सध्या बाजूला ठेवावा.

दूरचे समुद्र असे मंद बोलतात, पण जवळचे दोन समुद्र आपल्या हिवाळी पावसात प्रत्यक्ष पाणी ओततात, आणि बातम्यांत नेमके त्यांचेच नाव नसते. नागपूर अरबी समुद्रापासून आणि बंगालच्या उपसागरापासून सहाशे-सातशे किलोमीटरवर, जवळपास मध्यावर आहे. हिवाळ्यात एरवी आपल्याकडे उत्तरेचा कोरडा वारा असतो. समुद्राची वाफ इथे पोहोचण्यासाठी तो वारा मोडावा लागतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हे काम उपसागरातली चक्रीवादळे आणि त्यांचे अवशेष करतात. ५ डिसेंबर २०२३ ला मिचाँग चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर बापटलाजवळ जमिनीवर आले आणि पूर्व विदर्भावर ढग आणि पाऊस आला. जानेवारीनंतर उपसागरात वादळे क्वचितच होतात. तेव्हा हे काम उपसागरावरचा प्रत्यावर्त करतो, म्हणजे असे उच्च दाबाचे केंद्र की ज्याच्याभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. हे केंद्र उपसागराच्या पश्चिमेला सरकले की त्याच्या कडेने आग्नेयेचा दमट वारा आंध्र, तेलंगण आणि छत्तीसगड ओलांडून विदर्भात शिरतो.

गारपिटीच्या दिवशी मी नकाशावर काय पाहत असे, ते सांगतो. जमिनीपासून दीड किलोमीटरवर एका बाजूने हा आग्नेयेचा ओला वारा आणि दुसऱ्या बाजूने वायव्येचा कोरडा वारा असतो, आणि दोघांच्या भेटीची रेषा कर्नाटक किंवा मराठवाड्यापासून विदर्भावरून पुढे गेलेली असते. बुलेटिनमध्ये तिलाच वाऱ्यांची खंडितता म्हणतात. त्याच वेळी साडेपाच-सहा किलोमीटरवर पश्चिमी वाऱ्यांची एक द्रोणी नेहमीपेक्षा दक्षिणेला, मध्य भारतापर्यंत उतरलेली असते आणि तिच्यातून अतिशय थंड हवा वर पसरते. खाली उबदार आणि ओले, वर थंड, अशी हवा उभ्या उतरंडीसारखी असते, जरा धक्का लागला की उलटते. फेब्रुवारीत शून्य अंशाची पातळी आपल्याकडे साधारण चार किलोमीटरच्या आसपास असते, पावसाळ्यापेक्षा बरीच खाली, त्यामुळे ढगातली गार वितळून जाण्यापूर्वी जमिनीवर पोहोचते. पहाटे साडेपाचच्या सुमारास सोडलेल्या हवामानाच्या फुग्याने पाठवलेल्या नोंदीत ही तिन्ही चिन्हे एकत्र दिसली, की दुपारी तीन ते सात या वेळेबद्दल माझ्या मनात धाकधूक सुरू होत असे. एक जरी चिन्ह नसले तर बहुतेक वेळा नुसते ढग येत, थंडी पळे आणि दिवस निघून जाई.

या तीन गोष्टींपैकी वरच्या द्रोणीच्या वाटेवर प्रशांत महासागराचा आणि कदाचित आर्क्टिकचा थोडा प्रभाव असतो. खालच्या ओलाव्यावर उपसागराचा आणि अरबी समुद्राचा प्रभाव असतो. हवा एका अंशाने गरम झाली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते, म्हणून तापत चाललेले आपले दोन्ही समुद्र एखादे वादळ आल्यावर त्याला जास्त पाणी पुरवू शकतात, हे मी गंभीरपणे घेतो. पण ही तिन्ही चिन्हे एकाच दुपारी, एकाच जिल्ह्यावर जुळणे हे त्या आठवड्याच्या हवामानाचे काम असते. ती जुळणी डिसेंबरात बसून मार्चसाठी सांगण्याची विद्या आज कोणाकडेही नाही.

म्हणून आपल्या बागेसाठी माझा सल्ला काळाच्या अंतराप्रमाणे वेगवेगळा आहे, आणि तो आपली जमीन व बहाराची अवस्था पाहून बदलावा लागेल. ला निनाच्या बातमीवरून ताणाचे वेळापत्रक बदलू नका. भारी काळ्या जमिनीत ताण जास्त दिवस लागतो, हलक्या जमिनीत कमी, आणि तो कधी पुरा झाला हे झाडाची पाने सांगतात. हवामानाचा प्रश्न येतो तो ताण चालू असताना चांगला पाऊस पडला तर. तेव्हा ताण मध्येच तुटतो आणि फुलांऐवजी नवती, म्हणजे नवी पालवी, फुटते. ही शक्यता कोणत्याही हिवाळ्यात गृहीत धरूनच चालावे आणि तसे झाले तर काय करायचे हे नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतल्या किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या तज्ज्ञांना आधीच विचारून ठेवावे. फवारण्यांबद्दल मी बोलणार नाही, ते माझे क्षेत्र नाही.

दोन ते चार आठवड्यांच्या अंतरासाठी हवामान खाते दर गुरुवारी विस्तारित अंदाज देते, तो पाहावा. त्यात मोठ्या प्रदेशाचा कल असतो. हिंदी महासागरावरून साधारण तीस ते साठ दिवसांच्या फेऱ्याने पूर्वेकडे सरकणारी ढगांची एक मोठी लाट असते, तिचा हिशेब त्यात धरलेला असतो. माझ्या अनुभवात हिवाळ्यात पहिल्या दोन आठवड्यांचा कल उपयोगी पडतो, त्यापुढचा फारसा नाही. मृगाच्या फळांच्या सौद्यासाठी हे अंतर योग्य आहे. दक्षिणेकडे उतरणारी द्रोणी आणि उपसागरावरचा प्रत्यावर्त यांचा उल्लेख एकत्र दिसला, तर भाव थोडा कमी मिळाला तरी तयार फळे उतरवून घ्यावीत असे मी सांगेन. माझ्या त्या नातलगाला मी हेच सांगायला हवे होते.

पाच दिवसांच्या अंतरावर जिल्हानिहाय रंगांचे इशारे येतात आणि मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. चना काढणीला आला असेल तर तेव्हा निर्णय घ्यावा. काढलेला चना वावरात ढीग लावून उघडा ठेवू नये, ताडपत्री आधीच आणून ठेवावी. ऐन दिवशी नागपूरच्या डॉप्लर रडारवर आधारलेला तीन तासांचा तातडीचा इशारा आणि विजांसाठी दामिनी अॅप यांवर लक्ष असू द्यावे. त्या वेळी फळे वाचवता येत नाहीत, पण माणसे आणि जनावरे नक्की वाचवता येतात, कारण या वादळांत गारांपेक्षा विजेने जास्त जीव जातात. आकाश काळवंडले की झाडाखाली कोणी थांबू नये, गडीमाणसांना तसे स्पष्ट सांगून ठेवावे.

महिन्याचा फरकही लक्षात असू द्यावा. डिसेंबर-जानेवारीत जमीन थंड असते, म्हणून ढगांना खालून जोर कमी मिळतो आणि बहुधा रिपरिप पाऊस होतो. फेब्रुवारीच्या मध्यानंतर दुपारचे ऊन चढते, वरची थंड हवा अजून तशीच असते आणि गारांचा धोका वाढतो. तोपर्यंत एल निनो किंवा ला निना बहुतेक वेळा उतरणीला लागलेले असतात, म्हणजे आपल्याला ज्या आठवड्यांची सर्वांत जास्त काळजी असते, त्याच आठवड्यांत प्रशांत महासागराचा आवाज आणखी मंद झालेला असतो.

शेवटी आपल्याला एक विनंती आहे. गार पडलीच तर घड्याळ पाहून सुरू होण्याची आणि थांबण्याची वेळ लिहून ठेवा, सर्वांत मोठ्या गारेशेजारी रुपयाचे नाणे ठेवून तिचा फोटो काढा आणि वारा कोणत्या दिशेने आला ते नोंदवा. गारपिटीचा पट्टा अनेकदा दोन-चार किलोमीटरच रुंद असतो आणि दोन पर्जन्यमापकांच्या मधून निसटून जातो. ती नोंद तालुका कृषी कार्यालयात पंचनाम्यासाठी द्या आणि तिची एक प्रत माझ्यासाठी ठेवा. त्या दिवशीचा दीड किलोमीटरवरचा वाऱ्यांचा नकाशा आणि फुग्याची नोंद मी तिच्याशेजारी ठेवून पाहीन, आणि आपल्या बागेवर वारे कसे भेटले ते आपल्याला कळवीन.